पॉवर सप्लाय कोण जाळतंय?

मुलीचा जुना काँप्युटर एका रविवारी सकाळी मी गच्चीवर नेला, ब्लोअरने आतली धूळ उडवली, मागच्या पत्र्याच्या डब्यावर ब्रश फिरवला आणि खाली आणून मोठ्या ऐटीत बटण दाबलं. फट्‌! अगदी सुतळी बॉम्ब नव्हे, पण लवंगी माळेतला शेवटचा फटाका जसा सगळे पुढे सरकल्यावर वाजतो, तसा. मागून धूर आला, घराचा मेन पडला आणि स्वयंपाकघरात चटणी अर्धवट वाटलेली राहिली.

झालं होतं एवढंच, की जुन्या पॉवर सप्लायच्या पाठीवर एक लाल खटका असतो. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. अमेरिकेची वीज ११५ च्या आसपास, आपली २३०. खटका चुकून अमेरिकेच्या बाजूला गेला आणि प्लग मात्र चेन्नईत लावला, की जे व्हायचं ते होतं. "याला हात लावायचा नाही" असा दम मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर देत आलोय. मी हात लावलाच नाही. ब्रश लावला.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांच्या घरी जाऊन हेच करता?" बायको मिक्सरचा प्लग हातात धरून नुसती दारात उभी राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

तर अशा माणसाला आपल्या चेन्नईच्या मराठी मंडळाने यंदाच्या दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायला सांगितले आहेत. मी लिहितो. पण वाचून घरी प्रयोग करू नयेत, आणि केलेच तर मला फोन करताना "आम्ही काही केलं नाही" असं म्हणू नये. सगळे तेच म्हणतात. मीही त्या रविवारी तेच म्हणालो होतो.

बायकोची बदली चेन्नईला झाली, तिच्यामागून मी आलो आणि अड्यारमध्ये एका बंगल्याच्या गॅरेजात काँप्युटर दुरुस्तीचं दुकान मांडलं. तमिळ येत नव्हतं. पहिले काही महिने मी फक्त "सरी, सरी" म्हणजे "बरं, बरं" म्हणत होतो. त्यामुळे लोकांना मी फार समजूतदार वाटलो आणि धंदा चालला.

पॉवर सप्लाय म्हणजे काय, ते आधी सांगतो. भिंतीतली वीज म्हणजे उकळत्या पाण्याचा हंडा. काँप्युटरच्या आतल्या नाजूक मंडळींना ते कोमट आणि चमचाभर लागतं: कुणाला बारा व्होल्ट, कुणाला पाच, कुणाला तीनच्या जरा वर. हा हंडा ओतून, निववून, चमच्याने भरवणारी जी आई, ती त्या पत्र्याच्या डब्यात असते. तिला मिळणारी वीज वेडीवाकडी आली की आधी ती स्वतः भाजते. चांगल्या प्रतीची असेल तर एकटी जाते. स्वस्तातली असेल तर मुलांना घेऊन जाते. म्हणून मी स्वस्तातली ठेवत नाही. हे वाक्य मी हजारदा बोललोय आणि एकाही गिऱ्हाइकाने त्यावर विश्वास ठेवलेला नाही.

कारण आमच्या धंद्यात डबा बंद असतो. आत काय होतं आणि काय घातलं, ते फक्त मला ठाऊक. त्यामुळे संशय हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे असं मी मानतो. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा, हा इथला रिवाज. त्याचा त्यांना काडीचा उपयोग नसतो. माळ्यावर पडून राहतो. पण हातात दिला नाही तर आपण तो विकून इमले बांधणार, असं त्यांच्या डोळ्यांत दिसतं. एक बाई रॅमच्या पट्टीला कुंकवाचा ठिपका लावून मशीन पाठवायच्या आणि परत गेलं की आधी ठिपका तपासायच्या. एकदा मी भल्या मनाने ती पट्टी स्वच्छ पुसून बसवली. गल्लीभर माझं नाव झालं. चांगलं नव्हे.

पण संशयाची खरी तालीम ज्यांच्याकडे मिळाली ते गोविंदराव. सगळे त्यांना 'राव सार' म्हणतात. मूळ तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. बँकेत दक्षता विभागात होते, म्हणजे सहकाऱ्यांवर संशय घेण्याचा त्यांना रीतसर पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि घरंदाज. मधेच एखादा शब्द असा येतो की तो मी फक्त पोथीत पाहिलेला असतो, आणि त्याच्या मागोमाग तमिळ.

अड्यारच्या आतल्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर भाडेकरू म्हणून पट्टम्मा मामी. मामी इडलीचं पीठ वाटून विकतात. चेन्नईत ज्याला हे ठाऊक नाही असा एकही माणूस नसेल, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: तांदूळ आणि उडीद भिजवायचे, दगडी ग्राइंडरमध्ये वाटायचे, पीठ आंबवून पिशव्या भरायच्या आणि गल्लीतल्या नोकरदार बायका संध्याकाळी येऊन घेऊन जातात. मामींचा संसार त्या ग्राइंडरवर फिरतो.

रावांचा पॉवर सप्लाय पहिल्यांदा गेला तेव्हा काहीच विशेष वाटलं नाही. वय झालं होतं त्याचं. त्यांच्या समोर बसून बदलला. समोर म्हणजे अगदी समोर. त्यांचा चष्मा माझ्या स्क्रूड्रायव्हरला लागत होता. नव्या डब्यावर त्यांनी बॉलपेनने बारीक 'श्री' लिहिलं.

"शुभ म्हणून?" मी विचारलं.

"ओळख म्हणून," ते म्हणाले.

सोबत एक चांगला स्पाइक बस्टरही दिला. प्लग लावायची जी लांब पट्टी असते, तीच. पण खऱ्या पट्टीच्या पोटात बत्ताशासारखी एक चकती असते. वीज क्षणभर उसळली, तर ती उसळी ही चकती स्वतःवर घेते आणि बाजूला काढून देते, बरीचशी जमिनीत. प्रत्येक उसळीला ती थोडी थोडी झिजते आणि एक दिवस मरते. पट्टीवरचा दिवा मात्र पुष्कळदा लागलेलाच राहतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. आणि घराला नीट अर्थिंग नसेल, तर ती उसळी काढायची कुठे, हेच तिला कळत नाही. सांगायचा मुद्दा, नुसती पट्टी घेऊन संरक्षण होत नाही. हे मी रावांना सांगितलं. त्यांनी पट्टीवरही 'श्री' लिहिलं.

थोड्याच आठवड्यांत फोन आला. "पाटणकर, अन्यायम्! तुमची वस्तू गेली."

गेलो. 'श्री' जागेवर होतं, पण आत सगळं काळं. पट्टी उघडली तर चकतीचा कोळसा. राव माझ्याकडे असे बघत होते, की बँकेतले त्यांचे जुने सहकारी काय सोसत असतील ते मला कळलं.

"डुप्लिकेट," ते म्हणाले.

"अहो, मी तुम्हाला डुप्लिकेट देईन?"

"तुम्ही देणार नाही. तुम्हाला कुणी दिलं असेल. मग तुम्ही मला दिलंत. तेही देणंच."

आता खरं तर तो कोळसा बघूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. विजेची उसळी डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जाते. ती चकतीला चिरते, फोडते. पण चकती जेव्हा भाजून कोळसा होते, तेव्हा व्होल्टेज वर जाऊन बराच वेळ तिथेच बसलेलं असतं. हे मी इतरांना शिकवलेलं आहे. पण त्या घरात शिरलं की संशयाची लागणच होते. मला रावांचाच संशय आला. रोज डबा उघडून 'श्री' आहे का बघत असतील, त्यात काहीतरी हललं असेल, असं मी मनात धरून बसलो.

नवा पॉवर सप्लाय घातला, वॉरंटीतला. तोही गेला.

या वेळी रावांचा सूर निराळा होता. त्यांनी मला कॉफी दिली. राव कॉफी देतात म्हणजे चौकशी संपली आणि आरोपपत्र तयार झालं.

"पारुंगो, म्हणजे बघा पाटणकर, मी लक्ष ठेवलं. तिन्ही वेळा सकाळीच गेलं. तिन्ही वेळा वर घर्रर्र चालू होतं."

"मामींचा ग्राइंडर?"

"मी नाव घेतलं नाही. तुम्ही घेतलंत."

मोटर सुरू-बंद होताना लायनीत झटका देते, हे खरं आहे. "असेलही," मी म्हणालो. माझ्या डुप्लिकेटपणावरून गाडी दुसरीकडे वळतेय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता, हेही खरं.

"मग तुमच्या दुकानाच्या कागदावर तसं लिहून द्या."

कागद कशाला, तर मामींना घर सोडायला सांगून झालं होतं. ती बाई हलत नव्हती. तिचा भाऊ तांबरमला राहतो, त्याला बोलावून त्याच्यासमोर तज्ज्ञाचा लेखी दाखला ठेवायचा, असा रावांचा बेत होता. तज्ज्ञ म्हणजे मी. लाल खटक्यावर ब्रश फिरवणारा.

"आणि नाही दिला तर?" मी हसत विचारलं.

"तर मग वस्तूच डुप्लिकेट होती," राव न हसता म्हणाले. "मंडळात सगळे मला विचारतात, काँप्युटर कुणाकडे द्यावा. मी काय सांगू?"

अड्यारमधली माझी निम्मी गिऱ्हाइकं रावांच्या शब्दावर आलेली. आणि वर एका बाईचं घर. घरापेक्षा गल्ली म्हणा. कारण पीठ घेणाऱ्या बायका गल्लीतल्या. तांबरमला जाऊन ती कुणाला विकणार? मी म्हणालो, "दाखला द्यायचा तर मोजून देतो." यात सचोटी किती आणि वेळकाढूपणा किती, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

मीटर घेऊन गेलो. रावांच्या प्लगमध्ये २२८. अगदी गुणी बाळासारखं. आता ग्राइंडर चालू असताना बघायचं, तर मामींना सांगायला हवं, आणि खालच्या-वरच्यांचं बोलणं बंद. म्हणून जिना चढलो.

मामी लोखंडी जाळीच्या दाराआडूनच बोलल्या. हाताला कोपरापर्यंत पीठ. "रावांनी पाठवलं का?"

"पाठवलं म्हणजे... मी काँप्युटरवाला."

"मला ठाऊक आहे तुम्ही कोण. त्यांच्याकडून कॉफी पिऊन आलात. वास येतोय."

मी म्हटलं, ग्राइंडर जरा लावता का, व्होल्टेज बघायचंय. त्यावर बाई अशी उसळली, की तिला स्पाइक बस्टर लावावा.

"व्होल्टेज बघायचं तर खाली जाऊन बघा! मी ग्राइंडर लावला की ते खालून करंट कमी करतात. मला काय कळत नाही? दगड रांगतो नुसता. पोंगल झाल्यापासून पीठ धड वाटलं जात नाही, ट्यूबलाइट फडफडते, बायका म्हणतात मामी तुमची इडली दगड झाली. मला हाकलायला त्यांनी त्या मेन बोर्डात काहीतरी बसवलंय. तुम्हीच बसवून दिलं असेल! तुम्ही यायला लागल्यापासूनच हे सुरू झालं."

मी जिन्यातच बसलो. अपमान म्हणून नाही. वर कमी आणि खाली जास्त, तेही एकाच वेळी! मी डोक्याला हात लावला.

हे समजायला सोपं आहे. घरात तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा येतात. रावांचा मजला एका फेजवर, मामींचा दुसऱ्या. दोघांची वीज परत जाते ती मात्र एकाच तारेतून, तिला न्यूट्रल म्हणतात. मुलांचा सी-सॉ असतो ना, तसं आहे हे. न्यूट्रल म्हणजे मधली खीळ. खीळ घट्ट असेल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी राहतात. खीळ ढिली झाली, की जिच्यावर जड माणूस बसला ती बाजू खाली आणि दुसरी आभाळात. मामींचा ग्राइंडर म्हणजे जड माणूस. मामी खाली जात होत्या, रावांचा पॉवर सप्लाय आभाळात. आणि दोघंही समजत होते, समोरचा मुद्दाम करतोय.

"मामी, एकदाच लावा. लगेच बंद करू. मी तुमच्या बाजूने आहे."

"खाली त्यांनाही हेच सांगितलं असणार," मामी म्हणाल्या. पण जाळी उघडली आणि ग्राइंडर लावला.

काँप्युटर, फ्रिज सगळ्यांचे प्लग आधीच काढून ठेवले होते. खाली रावांना मीटरचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितला होता. वर घर्रर्र सुरू झालं आणि खालून त्यांचा आवाज यायला लागला. "दोनशे चाळीस... दोनशे सत्तर... दोनशे नव्वद! अय्यो! पाहिलंत? तिचाच ग्राइंडर! लिहा आता, लिहा!"

वरच्या प्लगमधल्या माझ्या दुसऱ्या मीटरवर दीडशे. मामी तो आकडा माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "पाहिलंत? खेचला त्यांनी माझा करंट!"

एकाच सी-सॉच्या दोन टोकांवर दोघं विजयी मुद्रेने उभे होते. मी ओरडलो, "बंद करा!"

मग घराचा मेन पाडला आणि ओळखीच्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं; मेन बोर्ड हा माझा प्रांत नव्हे. त्याने झाकण काढलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने न्यूट्रलचा स्क्रू हिरवा पडलेला, तार तपकिरी, आणि बोट लावताच ती सुटून बाहेर आली. पण तो म्हणाला, हे आजचं नाही, काही वर्षांचं आहे. मग इतकी वर्षं घर चाललं कसं? तर मागे कधीतरी कुणा शहाण्याने न्यूट्रल आणि अर्थिंगची तार एकत्र बांधून ठेवली होती. न्यूट्रल ढिला पडला तेव्हापासून सगळा भार जमीन वाहत होती. हे फार वाईट. नळाला, फ्रिजला हात लावणारा माणूस चिकटला असता. चिकटला नाही हे नशीब.

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

राव घराच्या मागे घेऊन गेले. तिथे गुळगुळीत सिमेंट. मधे कापलेल्या झाडाचा हातभर खुंट.

"इथे कढीपत्ता होता," राव म्हणाले. "त्याच्या बुडाशी सळई आहे. पोंगलनंतर सगळं बंद करून घेतलं."

"का?"

राव आवाज उतरवून मला मराठीत म्हणाले, "पाणी. ती रोज वरून पाणी ओतीत होती. डाळतांदळाचं पाणी, बादलीभर. माझा पाया खचवायचा होता तिला."

मामी जिन्याच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. मराठी कळत नसलं तरी राव बोट कशाकडे दाखवतायत ते कळत होतं. "कढीपत्त्याला घालत होते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "दुसरं काय?"

अर्थिंग ओलं असेल तरच जमीन वीज घेते. कोरड्या मातीत ती जाईना. मामींचं ते पाणी इतकी वर्षं रावांचं घर, फ्रिज, काँप्युटर आणि खुद्द राव यांना सांभाळत होतं. रावांनी संशय घेऊन ते बंद केलं, तेव्हापासून त्यांचे पॉवर सप्लाय जळायला लागले. आणि जळतात म्हणून ते त्याच बाईला घालवायला निघाले होते. हे सगळं मी रावांना समजावून सांगितलं, मोठ्याने, तमिळमध्ये, मामींना ऐकू जाईल असं. माझ्या तमिळमुळे त्यातलं किती पोचलं देव जाणे. पण इलेक्ट्रिशियन मान डोलवत होता.

राव खुंटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गवंडी कोण आहे ओळखीचा?"

न्यूट्रल नवा झाला, ती भलती गाठ सुटली, सिमेंट फोडून कोळसा-मिठाचा नवा खड्डा झाला आणि त्यावर लोखंडी झाकण बसलं. मी रावांना चौथा पॉवर सप्लाय घालून दिला. दाखल्याचं पुन्हा नाव निघालं नाही. मामींना घर सोडा असंही पुन्हा कुणी म्हटलं नाही; त्या घरात न बोलणं म्हणजेच करार वाढवून देणं. फक्त इलेक्ट्रिशियन निघाला तेव्हा राव अंगणात उभे राहून, माझ्याकडे बघत, जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उन्हाळ्यात या खड्ड्यात रोज कुणीतरी पाणी घालायला हवं."

वरून उत्तर आलं, "घालू. झाकण मात्र तुमचं तुम्ही उघडून ठेवा. नंतर म्हणाल, मामींनी झाकण नेलं."

आता रोज सकाळी राव झाकण उघडून पेपर घेऊन बाजूला उभे राहतात, मामी बादली घेऊन खाली येतात. पाणी नेमकं खड्ड्यातच पडतंय ना, हे राव बघतात. राव बघतायत ना, हे मामी बघतात. बोलणं अजून बंदच आहे, पण मला तर त्यात बरीच प्रगती दिसते.

हा धंदा आता फार दिवसांचा नाही. सगळे लॅपटॉप घेतात, बिघडला की नवा घेतात. आत काय जळलं हे कुणालाच बघायचं नसतं. याची थोडी चुटपुट वाटते. डबा उघडल्याशिवाय कशी कळणार माणसं?

खड्ड्याचं काम संपलं त्या दिवशी मामींनी दिलेली पिठाची पिशवी घेऊन मी घरी आलो. इडल्या झाल्या, कापसासारख्या. मी बायकोला सगळी हकीकत सांगितली, माझा भाग जरा खुलवून. एका बाईचं घर वाचलं, दोन माणसांमधला संशय गेला, असं काहीसं मोठं वाक्यही टाकलं.

ती शांतपणे माझ्या ताटात आणखी एक इडली वाढत म्हणाली, "संशय कसला जातोय? राव सारांना कुणीतरी लागतंच. मामी सुटल्या. आता त्या घरात तुम्हीच उरलात, जरा जपून जात जा."